जुन्या कार्बोरेटरवाल्या जिप्सी-जीपचा एव्हरेज कसा वाढवायचा? मिस्त्रीकडे जाण्याआधी हे वाचा

लोधीखेडा / सौंसर : पांढुर्णा जिल्ह्यात, सीमेपलीकडे सावनेर-काटोलकडे, पार पेंचच्या जंगलाच्या कडेच्या गावांपर्यंत, जुनी मारुती जिप्सी किंवा पेट्रोल जीप अजूनही दिसते. संत्र्याच्या वावरात जायचे, पावसाळ्यात पांदण रस्त्याचा चिखल तुडवायचा, नाला पार करायचा, तर या गाड्यांना पर्याय कमीच. अडचण एकच. भेटला तो विचारतो, "काय भाऊ, एव्हरेज किती देऊन राहिली?" आणि उत्तर देताना मालकाचा चेहरा उतरतो.

एव्हरेज वाढवण्याचे उपाय सांगणारे गल्लोगल्ली आहेत. कोणी जेट बारीक करायला सांगतो, कोणी पाइपवर चुंबक बांधायला. त्यातले काही उपाय निव्वळ पैसे घालवणारे आहेत, तर काही इंजिनच जाळणारे. म्हणून कोणते काम आधी करायचे, कोणते नंतर आणि कोणते मुळीच करायचे नाही, ते इथे क्रमाने देत आहोत.

आपली गाडी नेमकी कोणती?

जिप्सी म्हटली की सगळ्या सारख्या, असे नाही. १९८५ च्या डिसेंबरात आलेली पहिली जिप्सी म्हणजे एमजी ४१०. तिला ९७० सीसीचे इंजिन, कार्बोरेटर आणि चार गिअर. १९९३ मध्ये चाकांमधले अंतर वाढवलेली 'वाइड ट्रॅक' आली. १९९६ मध्ये 'जिप्सी किंग' आली, १२९८ सीसीची, पाच गिअरची, पण कार्बोरेटरचीच. २००० पासून एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाले सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आले. ते २०१९ मध्ये गाडी बंद होईपर्यंत चालले.

हा लेख कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे. बॉनेट उघडा. इंजिनच्या वर गोल डबा, म्हणजे एअर क्लीनर, आणि त्याखाली पितळी जेटांचा कार्बोरेटर बसलेला असेल, तर ही माहिती तुमच्या कामाची. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपांना, म्हणजे विलीज घराण्यातल्या २.२ लिटर इंजिनांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते.

अपेक्षा किती ठेवावी? चांगल्या स्थितीतली कार्बोरेटर जिप्सी मोकळ्या रस्त्यावर साधारण ९ ते १२ किलोमीटर देते. विलीज इंजिनाची जीप त्याहून बरीच कमी देते. गाडीचा आकार खोक्यासारखा, त्यात फोर व्हील ड्राइव्हच्या शाफ्ट-गिअरचे ओझे. त्यामुळे हॅचबॅकसारखा १८ चा आकडा या गाडीकडून मागू नये. पण गाडी ६-७ वर आली असेल तर कुठेतरी दोष आहे, आणि तो सापडतो.

फायदा किती? आधी हिशेब

महिन्याला १००० किलोमीटर चालणारी गाडी धरू.

एव्हरेज ६ वरून ८ झाला तर पेट्रोल १६७ लिटरवरून १२५ लिटरवर येते. बचत ४२ लिटर.
एव्हरेज १० वरून १२ झाला तर १०० लिटरवरून ८३ लिटर. बचत १७ लिटर.

दोन्हीकडे वाढ २ किलोमीटरचीच, पण बचतीत अडीचपट फरक. याचा अर्थ सरळ आहे. बिघडलेली गाडी दुरुस्त करण्यात पैसा वसूल होतो. चांगल्या गाडीला आणखी पिळण्यात फारसा होत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तरी पहिल्या गाडीचे महिन्याला ४,२०० रुपये वाचतात. कार्बोरेटरची दुरुस्ती, प्लग, फिल्टर, नवे रबरी पाइप हा खर्च अशा गाडीला थोड्याच महिन्यांत परत मिळू शकतो.

सीमेवरच्या वाचकांसाठी आणखी एक हिशेब. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोघांचा पेट्रोलवरचा कर वेगळा, त्यामुळे भावही वेगळा असतो. पण स्वस्त पेट्रोलसाठी मुद्दाम सीमा ओलांडणे परवडते का? लिटरमागे २ रुपयांचा फरक असेल आणि तुम्ही ३० लिटर भरले, तर वाचले ६० रुपये. त्यासाठी जाऊन-येऊन २० किलोमीटर जास्त धावलात आणि गाडी १० चा एव्हरेज देत असेल, तर २ लिटर म्हणजे २०० रुपये गेले. कामानिमित्त तिकडे जाणे असेल तर जरूर भरा, नुसते भरायला जाऊ नका.

मोजल्याशिवाय हात लावू नका

"पाचशेचं टाकलं अन् दोन दिवस चाललं" हे मोजमाप नव्हे. बरोबर पद्धत अशी :

१. एकाच पंपावर, एकाच मशीनवर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. त्यानंतर जास्त कोंबू नका. किलोमीटर लिहून घ्या.
२. निदान २०० किलोमीटर चालवा. पुन्हा तिथेच तशीच टाकी भरा. चाललेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, हा तुमचा एव्हरेज.
३. असे तीनदा करा आणि सरासरी काढा. एका वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आता यातली मेख. टायर मोठे टाकले असतील तर मीटर खोटे बोलते. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. अनेक जण २१५/७५ आर १५ टाकतात, त्याचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, म्हणजे ५ टक्के जास्त. २३५/७५ आर १५ टाकला तर जवळपास १० टक्के जास्त. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण मीटर फेरेच मोजते. म्हणून मीटरवर १०० दिसले तरी गाडी १०५ किंवा ११० किलोमीटर गेलेली असते. कित्येकांचा 'कमी' एव्हरेज इथेच थोडा वर येतो. हायवेवरचे किलोमीटरचे दगड किंवा मोबाइलचा जीपीएस धरून एकदा मीटर तपासून घ्या.

पहिले काम : चाके आणि ब्रेक

इंजिनाला हात लावण्याआधी गाडी मोकळी धावते का, ते बघा. सपाट, मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये टाकून एका माणसाने ढकलून पाहा. गाडी जड वाटली तर पेट्रोल तिथेच जात आहे.

हवा : जिप्सीला चारही बाजूंना पट्ट्याच्या स्प्रिंगा आहेत, त्यामुळे गाडी आदळते. ते टाळायला बरेच जण हवा कमी ठेवतात. चिखलात, रेतीत हवा कमी करणे योग्यच. पण तशीच गाडी डांबरी रस्त्यावर पळवली तर टायर तापतो, घासतो आणि पेट्रोल पितो. मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या पट्टीवर दिलेली हवा, टायर थंड असताना भरा.

ब्रेक : दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता थांबा आणि चाकाच्या मध्यभागी हात जवळ नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागले तर ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग घट्ट आहे. नाल्याच्या पाण्यातून नेहमी जाणाऱ्या गाड्यांत हा दोष हमखास सापडतो.

फोर व्हील : डांबरी रस्त्यावर टू-एच मध्येच चालवा. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-एच लावून गाडी चालवली तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण भरतो, टायर झिजतात आणि पेट्रोल वाया जाते. ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब आहेत, त्यांनी हंगाम संपल्यावर हब 'फ्री' वर आहेत ना, ते पाहावे. आषाढात लॉक केलेले हब दिवाळीपर्यंत तसेच राहतात.

क्लच : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लच घसरतो आहे. असा क्लच असेपर्यंत कार्बोरेटरची कितीही सेटिंग केली तरी उपयोग नाही.

दुसरे काम : इंजिनाची तब्येत

एअर फिल्टर : उन्हाळ्यात पांदण रस्त्याच्या धुळीने फिल्टर आठवड्यात भरतो. इंजेक्शन गाडीत बंद फिल्टरमुळे ताकद कमी होते, पण कार्बोरेटर गाडीत मिश्रणच जाड होऊ शकते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते. फिल्टर झटका, फार मळला तर बदला. फिल्टर काढून गाडी चालवणे मात्र कधीही करू नका. आपल्याकडची धूळ सिलिंडर घासून टाकते.

प्लग : चारही प्लग काढून क्रमाने ठेवा. बिस्किटी-तपकिरी रंग म्हणजे सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येते आहे. चारपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा आहे, कार्बोरेटरचा नाही.

टायमिंग : पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा घासणारा भाग झिजतो, गॅप कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी सुस्त होते, तापते आणि पेट्रोल जास्त लागते. आधी गॅप, मग टायमिंग, हा क्रम पाळा. उलट केले तर गॅप बदलताच टायमिंग पुन्हा बिघडते. टायमिंग कानाने न लावता टायमिंग लाइटने लावणारा मिस्त्री शोधा.

व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स : एव्हरेज जाण्याचे हे सर्वात दुर्लक्षित कारण आहे. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला एक चपटी डबी असते आणि तिला कार्बोरेटरकडून बारीक रबरी नळी येते. पेडल हलके असताना ही डबी ठिणगी आणखी लवकर पाडते, आणि एका चालीवर गाडी धावताना पेट्रोल वाचते ते त्यामुळेच. नळी फाटलेली, निघालेली किंवा कोणीतरी खिळा ठोकून बंद केलेली असेल, तर हायवेचा एव्हरेज गेलाच. तपासायला सोपे आहे. नळी काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली आणि जीभ लावून धरल्यावर तिथेच थांबली तर डायफ्राम चांगला. हवा सरळ येत राहिली तर डायफ्राम फाटला आहे.

थर्मोस्टॅट : "आपल्या उन्हात याची गरजच नाही" म्हणत अनेक ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग हिवाळ्यात सकाळी सौंसरहून निघालेली गाडी छिंदवाडा येईस्तोवर पुरती गरम होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, ऑटो चोक पूर्ण सुटत नाही, इंजिन झिजतेही जास्त. थर्मोस्टॅट परत बसवा. गाडी तापत असेल तर दोष रेडिएटर, पंखा किंवा पाण्याच्या पंपात शोधा.

व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन : व्हॉल्व्हची गॅप मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार कमी असेल, तर आधी तो खर्च. जुन्या विलीज इंजिनांच्या मालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली सक्तीचे झाले. त्याआधीच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीटला शिशाचे संरक्षण मिळायचे. ते गेल्यावर सीट झिजते, व्हॉल्व्ह खोल बसतो आणि गॅप हळूहळू बंद होते. अशा इंजिनात गॅप वारंवार तपासावी, आणि काम निघालेच तर टणक सीट बसवून घ्यावी.

तिसरे काम : कार्बोरेटर

वरचे सगळे झाल्यावरच कार्बोरेटर उघडा. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होते. गाडी आली की मिस्त्री आधी स्क्रू फिरवतो. त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

आधी गळती बघा. बंद गाडीतही पेट्रोलचा वास येतो? कार्बोरेटरच्या अंगावर तपकिरी डाग आहेत? मग नीडल व्हॉल्व्ह गळतो आहे, गॅस्केट गेले आहे किंवा पाइप फुटला आहे. हा प्रश्न एव्हरेजचा नंतर, आगीचा आधी आहे. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

फ्लोट लेव्हल : कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल किती उंचीवर राहावे, हे फ्लोट ठरवतो. लेव्हल वर गेली की आयडलपासून टॉपपर्यंत सगळीकडे मिश्रण जाड होते. जेट बदलण्याआधी फ्लोट मोजा. फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत पेट्रोल शिरल्याचा आवाज आला तर तो बदलायचा.

चोक : इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एअर क्लीनरचे झाकण काढा. चोकची पट्टी सरळ उभी, म्हणजे पूर्ण उघडी दिसली पाहिजे. जरा जरी तिरकी असेल तर रोज पेट्रोल सांडते आहे असे समजा. हाताने ओढायचा चोक असेल तर त्याची केबल गंजून अर्ध्यात अडकते.

हवेची चोर गळती : कार्बोरेटरखालचे गॅस्केट, मॅनिफोल्ड, ब्रेक बूस्टरची नळी किंवा झिजलेला थ्रॉटलचा दांडा, यांतून फालतू हवा आत जाते. आयडल डगमगते, मग ती सावरायला मिश्रण जाड केले जाते. मूळ दोष हवेचा, पण भुर्दंड पेट्रोलचा. संशयाच्या जागी साबणाचे पाणी मारा. आयडल बदलली तर गळती तिथेच. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे मारून ही तपासणी करू नका.

जेट : जेट साफ करायला तार घालू नका. पितळ मऊ असते. १.०० मिलिमीटरचे भोक १.०५ झाले, तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढते. त्याच हिशेबाने जादा पेट्रोल जायला लागते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरेशी आहे. हवा मारण्याआधी फ्लोट काढून ठेवा, नाहीतर तो पिचकतो. दोन्ही जेटांचे नंबर मॅन्युअलशी ताडून बघा. वीस-पंचवीस वर्षांत कोणी दुसऱ्याच गाडीचा जेट बसवलेला सापडतो.

आयडल : सगळ्यात शेवटी हे. इंजिन गरम, चोक उघडा, एअर क्लीनर लावलेला. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत इंजिनाचा वेग सर्वात जास्त होईल तिथे आणा. मग वेग किंचित पडेल इतकाच आत घ्या. त्यानंतर वेगाच्या स्क्रूने आयडल मॅन्युअलच्या आकड्यावर लावा.

'जेट बारीक करून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध

ही सर्वात महाग पडणारी स्वस्त दुरुस्ती आहे, आणि आजच्या पेट्रोलमुळे ती पूर्वीपेक्षा जास्त धोक्याची झाली आहे.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो. २० टक्के इथेनॉलच्या ई-२० ला साधारण साडेतेरा किलो. इंजेक्शन गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि जास्त इंधन सोडतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. तो पूर्वीच्याच मापाने देत राहतो. म्हणजे ई-२० टाकले की तुमच्या गाडीचे मिश्रण ७-८ टक्के पातळ झालेच. त्यावर आणखी जेट बारीक केला, तर चढावर ओझे घेऊन जाताना सिलिंडरची उष्णता वाढते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनला भोक पडू शकते. शंभर-दोनशे लिटर पेट्रोल वाचवायला जाऊन पूर्ण इंजिन उघडायची वेळ येते.

पातळ मिश्रणाची लक्षणे ओळखून ठेवा. पेडल दाबताच गाडी क्षणभर अडखळते, कार्बोरेटरातून 'फट्' करून खोकते, चढावर खडखड वाजते, प्लग पांढरे होतात. असे होत असेल तर आधी फ्लोट लेव्हल, हवेची गळती आणि पेट्रोल फिल्टर बघा. ते ठीक असूनही लक्षणे राहिली तर मेन जेट एक नंबर मोठा करावा लागतो, बारीक नाही.

ई-२० ने एव्हरेज थोडा पडतो, हेही मान्य करून चालावे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचा एव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के पडेल, असा अंदाज दिला होता. म्हणजे १० देणारी गाडी साडेनऊच्या खाली उतरली तर ती बिघडली असे नाही.

इथेनॉलचा दुसरा परिणाम रबरावर होतो. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची सीलं फुगतात, कडक होतात, चिरतात. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घालून घ्या आणि नव्या क्लिपा लावा. इथेनॉल पाणीही ओढते. गाडी फक्त पावसाळ्यात किंवा फक्त सीझनला निघत असेल, तर टाकीत महिनोन् महिने पेट्रोल पडू देऊ नका. जुन्या टाकीचा गंज आणि चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदला.

पीयूसीची पावती फेकू नका

पीयूसीच्या पावतीवर आयडलचा सीओ टक्क्यांत लिहिलेला असतो. तीच तुमच्या मिश्रणाची चाचणी. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना सीओची मर्यादा ३ टक्के आहे. तुमचा आकडा मर्यादेच्या अगदी काठावर किंवा वर असेल तर आयडलला पेट्रोल जास्त जाते आहे. सेटिंगच्या आधी आणि नंतर एकेकदा तपासणी करून घ्या, म्हणजे मिस्त्रीने नेमके काय केले ते कागदावर दिसते. मात्र त्यासाठी गाडी गरम असताना आणि खरोखर नळी सायलेन्सरमध्ये घालून तपासणी करणाऱ्याकडे जा. फोटो काढून पावती देणाऱ्याकडची पावती या कामाची नाही.

चालवण्याची पद्धत

वेग : वेग ६० वरून ८० केला की हवेचा अडथळा सुमारे पावणेदोन पट होतो. जिप्सीसारख्या खोक्याला तो जास्तच जाणवतो. टॉप गिअरमध्ये ५० ते ६० च्या चालीने गेलात, तर छिंदवाडा-नागपूर प्रवासात थोडी मिनिटे जास्त जातील, पण फरक टाकीत दिसेल.

पेडल : दोन घशांच्या कार्बोरेटरमध्ये पेडल खोल गेले की दुसरा घसा उघडतो. आणि प्रत्येक झटक्याला अ‍ॅक्सिलरेटर पंप पेट्रोलची पिचकारी आत मारतो. गाडी उभी असताना उगाच 'घुं-घुं' करणे म्हणजे प्रत्येक वेळी पिचकारी वाया.

घाट : सिल्लेवानीच्या घाटात चढताना वरच्या गिअरात रेटू नका. मोठे टायर असतील तर आणखी लवकर गिअर उतरवा. उतरताना न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय आपल्याकडे आहे. कार्बोरेटर गाडी गिअरमध्ये उतरतानाही थोडे पेट्रोल घेते, हे खरे. पण त्या बचतीची किंमत चमचाभर. इंजिन बंद केले तर ब्रेक बूस्टरची मदत जाते, आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. घाट गिअरमध्येच उतरा.

ओझे : रिकामे कॅरेट, साखळदंड, जादा स्टेपनी, छतावरचा कॅरिअर, हे सीझन संपला की उतरवा. फडफडणारे कापडी हूड नीट बांधा.

उभी गाडी : पेंचच्या सफारीत किंवा बाजारात गाडी चालू ठेवून थांबणे होते. एवढे इंजिन तासाला निदान अर्धा लिटर पेट्रोल पिते. मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचे असेल तर बंद करा.

कशावर पैसे घालवू नयेत

पेट्रोलच्या पाइपवरचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, इनटेकमधले पंखे, पाण्यापासून गॅस करणाऱ्या बाटल्या : अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरहून अधिक साधने तपासली. त्यांतली फार थोडी उपयोगी निघाली, आणि तीही अगदी किरकोळ.

पेट्रोलमध्ये रॉकेल : बेकायदा तर आहेच, शिवाय इंजिन खडखडते आणि रॉकेल ऑइलमध्ये उतरून बेअरिंग खाते.

सकाळी थंड पेट्रोल भरणे : पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. दिवसभरात तिथले तापमान फारसे बदलत नाही. फायदा नगण्य.

महागडे प्रीमियम पेट्रोल : कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला त्याची गरज नाही.

सीएनजी किंवा दुसरे इंजिन : यात बचत असू शकते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय आणि आरसी बुकात नोंद झाल्याशिवाय चालत नाही. नोंद नसलेली गाडी सीमेवरच्या तपासणीत अडकते, आणि अपघात झाला तर विमाही वांध्यात येतो.

कामाचा क्रम, थोडक्यात

तीन टाक्यांचा एव्हरेज मोजा, मीटर तपासा. मग हवा, ब्रेक, बेअरिंग, हब, क्लच. मग एअर फिल्टर, प्लग, पॉइंट, टायमिंग, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्हची गॅप, कॉम्प्रेशन. मग पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर. मग कार्बोरेटर : गळती, फ्लोट, चोक, हवेची गळती, जेटचे नंबर, आणि सर्वात शेवटी आयडल. शेवटी पीयूसीचा सीओ.

एका वेळी एकच काम करा आणि प्रत्येक कामानंतर पुन्हा मोजा. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळ्याचा खर्च होतो. काढलेले जुने जेट आणि कार्बोरेटरचे सुटे भाग भंगारात देऊ नका. या गाड्यांचे मूळ पार्ट आता सहज मिळत नाहीत, आणि बाजारातला नवा नकली भाग बसवण्यापेक्षा जुना अस्सल भाग साफ करून वापरणे कित्येकदा बरे पडते.

एवढे करूनही गाडी १० च्या आसपासच राहिली, तर ती बिघडलेली नाही. ती तिच्या वयाप्रमाणे आणि बांध्याप्रमाणे बरोबर देत आहे. तिथे थांबा, आणि पुढचे पैसे ब्रेक आणि टायरसाठी ठेवा.